नववा नंबर

सहामाहीचा गणिताचा पेपर मी पस्तीस मिनिटांत सोडवायचे आणि उरलेला सगळा वेळ तो बिघडवण्यात जायचा.

साल १९८१, इयत्ता पाचवी, डोंबिवली. सोडवण्यापेक्षा बिघडवणं अवघड होतं. अवघड गणित बरोबर आणि सोपं चूक असं दिसलं की बाईंना संशय येतो, हे मला लवकर कळलं. म्हणून चुका साध्या हव्यात, कुणाच्याही होतील अशा. वजाबाकीत हातचा विसरायचा. लसावि विचारला तिथे मसावि काढायचा. उत्तराखाली ‘चौ. सेंमी’ लिहायचं सोडायचं. कोणत्या मुलीला साधारण किती पडतील याचा अंदाज मनात तयार असायचा आणि त्यावरून आपले किती घालवायचे हे ठरायचं. मला नववा नंबर हवा असायचा. दहाव्याच्या पुढे गेलं की घरी चौकशी होते, पाचाच्या आत आलं की वर्गात होते. नववा सुरक्षित होता.

एकच गोष्ट जमायची नाही. चुकीचं उत्तर तसंच सोडून पुढे जाताना छातीत काहीतरी अडकून बसायचं. मग मी चुकीच्या उत्तराशेजारी, अंगठ्याच्या नखाने दाबून, बरोबर उत्तर उमटवायचे. शाई नाही, शिसं नाही. कागद तिरपा धरला तरच आकडा दिसेल. एकदा पेपर परत देताना बाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या मुलीचा पेपर उचलला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना काय कळलं होतं, हा प्रश्न मी अजून बाळगून आहे.

हे सगळं कशासाठी, तर मधल्या सुट्टीसाठी. चौथीत माझा पहिला नंबर आला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. त्या वर्षी बाई मला उभं करायच्या आणि वर्गाला म्हणायच्या, ‘‘हिच्याकडे बघा आणि मग स्वतःकडे बघा.’’ मी मुळातच वेगळी होते. घंटा झाली की कान झाकायचे. कर्जत, कसारा, कल्याण लोकलच्या वेळा पाठ होत्या आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं असतं हे माहीत नव्हतं. एवढं मुलींनी चालवून घेतलं असतं. पण ‘हिच्याकडे बघा’ त्यांनी चालवून घेतलं नाही. ‘‘तू स्कॉलर ना? मग स्कॉलर लोकांत बस,’’ असं एकीने सांगितलं आणि डब्याचं रिंगण माझ्यासमोर बंद झालं. पाचवीत नववा नंबर आला त्या आठवड्यात त्याच मुलीने माझ्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड मागितली. मी सगळ्या फोडी तिला दिल्या.

आता मी स्वतः गणित शिकवते, ठाणे जिल्ह्यातल्याच एका मराठी शाळेत. गेली सहा वर्षं सुट्टीत जुने शिक्षण-अहवाल आणि आत्मचरित्रं वाचते आहे. मला त्यात एकच गोष्ट शोधायची होती. हा नंबर आला कुठून? कारण लपवण्याची रीत नंबराच्या रीतीला जोडूनच येते. रांग नसेल तर रांगेत मागे कोण सरकेल?

पंतोजीच्या शाळेत रांग होती, पण ती हुशारीची नव्हती. बल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने १८२३ साली आपल्या जिल्ह्यातल्या देशी शाळांबद्दल मद्रास सरकारला अहवाल पाठवला. त्यात सकाळच्या हजेरीची पद्धत सांगितली आहे. सर्वांत आधी आलेल्या मुलाच्या तळहातावर मानाची खूण म्हणून सरस्वतीचं नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य. म्हणजे शाबासकी नाही आणि ठपकाही नाही. तिसऱ्याला हलकीशी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढत जाणारी. क्रूर होतं यात शंका नाही. पण हा क्रम लवकर उठण्याचा होता. आज शेवटचा आलेला उद्या पहिला येऊ शकत होता, आणि ज्याच्या हातावर सरस्वती आहे त्याचं डोकं इतरांपेक्षा चांगलं आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

शिकायची तऱ्हाही तशीच. धुळपाटीवर बोटाने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. मग बोरू, मोडी, आणि पाढे. नुसते बे ते तीस नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. संध्याकाळी परवचा. घोकंपट्टी म्हणून आपण या सगळ्याची हेटाळणी करतो आणि तिच्यात तथ्यही आहे. पण मला परवच्याची एक गोष्ट फार जवळची वाटते. सगळी मुलं एका सुरात म्हणतात, त्यामुळे कुणाचाच आवाज वेगळा ऐकू येत नाही. ज्याला येतं तोही त्या सुरात, ज्याला येत नाही तोही तोंड हलवत त्याच सुरात. माझे आजोबा आम्हा भावंडांना दिवेलागणीला बसवून औटकी म्हणायला लावायचे. ‘बे औट सात’ म्हणताना मला जे वाटायचं ते शाळेत कधीच वाटलं नाही. मी पूर्ण वेगाने पळत होते आणि तरी कुणाच्याही पुढे नव्हते.

हुशारीची रांग मात्र याच धुळीतून निघाली, आणि ती कशी निघाली हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. तिथल्या देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली आणि वाळूची तबकं आपल्या आश्रमात आणली. शिक्षकांना ते पटेना, तेव्हा त्याने मोठ्या मुलांकरवी लहान मुलांना शिकवलं. १७९७ मध्ये लंडनला परतल्यावर त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. वाळू आपली, मोठ्याने धाकट्याला शिकवणं आपलं. बेलने त्यात जी भर घातली ती जागेची. मुलं ओळीत उभी राहतात. एकाला उत्तर आलं नाही आणि खालच्याला आलं, तर खालचा वर सरकतो आणि वरचा खाली. उत्तराची किंमत शेजाऱ्याची जागा. मॉनिटरही याच व्यवस्थेतून आला.

ही पद्धत फिरून आपल्याकडे आली. मुंबईत १८२० च्या दशकात शाळा-पुस्तक मंडळी उभी राहिली, तिचीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. कॅप्टन जॉर्ज जर्विस तिचा चिटणीस होता. मराठी मुलांनी युरोपीय पद्धतीचं अंकगणित, बीजगणित, भूमिती प्रथम ज्या पुस्तकांतून वाचली त्यातली बरीचशी त्याच्या देखरेखीखाली मराठीत आली. गणिताची शिक्षिका म्हणून मी त्याची ऋणी आहे. त्याच मंडळींनी शिक्षक तयार केले ते बेलच्या वळणाच्या पद्धतीने, आणि ते शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. भूमिती आणि रांग आपल्या गावात बरोबरच उतरल्या.

त्यानंतरचा रस्ता ओळखीचा आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक. रानडे, भांडारकर त्याच पिढीचे. खाजगी शाळांचं अनुदान निकालावर ठरू लागलं तेव्हा मुलाचे मार्क शाळेची कमाई झाले. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीसारखे मान आले आणि ‘पहिला आला’ हे नावाआधी लावायचं विशेषण झालं. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले, हे माझे आजोबा सत्तर वर्षांनंतरही कालची बातमी असल्यासारखं सांगायचे.

या रांगेला पहिला जाहीर आक्षेप मला सापडला तो जोतीराव फुल्यांचा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचा मुद्दा घेतला आहे. केवळ चढाओढीने दिलेल्या शिष्यवृत्त्या न्यायाच्या दिसतात, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यात त्यामुळे ते पसरत नाही. म्हणून काही त्यांच्यासाठी ठेवा, असं त्यांचं मागणं. ही रांग सुरू होण्याआधीच कोण कुठे उभा आहे ते त्यांना दिसत होतं.

इथे मला एक गोष्ट स्वतःला बजावून लिहायची आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेब आंबेडकरांना गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुलं ते उचलायला धावली. माझीही गोष्ट फळ्याची आणि डब्याची आहे, पण ती या मापाने मोजायची नाही. मी हुशारी लपवून रिंगणात शिरू शकत होते. तसं काही करून आत जाता येईल अशी फटच त्या मुलासाठी ठेवलेली नव्हती. लपवता येणं हीसुद्धा एक सोय असते, आणि ती मला माझ्या जन्माने दिली होती.

बायकांकडे लपवण्याची रीत आमच्या शाळेच्या कितीतरी आधीपासून होती. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन घरात आलेली मुलगी. नवऱ्याला वाटतं हिने शिकावं, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना वाटतं हिने शिकू नये. दिवस एकीकडे, रात्र एकीकडे. माझ्या आजीला ते पुस्तक फार आवडायचं. आजी मराठी सात इयत्ता शिकलेली होती, मोडीही वाचायची. पण टपाल आलं की चष्मा सापडत नाही म्हणायची आणि पत्र आजोबांच्या हातात द्यायची. चष्मा तिच्या कमरेला खोचलेल्या पिशवीत असायचा. मी एकदा सगळ्यांसमोर तो दाखवून दिला. आजीने मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच सांगितलं, ‘‘बाळ, सगळं सापडलेलं सांगायचं नसतं.’’ नखाने आकडा उमटवायला मी पुढच्याच वर्षी लागले. या दोन गोष्टींचा संबंध मला पन्नाशी आल्यावर लागला.

आमच्या काळी रांगेचं शेवटचं टोक म्हणजे बोर्डाची गुणवत्ता यादी. जूनमध्ये वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो यायचे. पेढा भरवणारी आई, मागे शोकेस, मध्ये चष्मा लावलेलं मूल. पुढे बोर्डाने ती यादी बंद केली. त्याखालची पायरी म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. आमच्या वेळी चौथी आणि सातवीला असायची, २०१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेली गेली. मला परीक्षेबद्दल राग नाही. खरं सांगायचं तर बुद्धिमत्ता चाचणीचा तो पेपर माझ्या लहानपणातला सर्वांत आनंदाचा तास होता. आकृत्यांमधली वेगळी आकृती ओळखा, क्रम पूर्ण करा. कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही, आणि समोर तीच भाषा जी मी घरी एकटी बोलायचे. दुखलं ते त्यानंतर, निकाल वर्गात वाचून दाखवला तेव्हा.

बुद्धी मोजायचं माप मराठी मुलांसाठी तयार झालं त्याचाही एक इतिहास आहे. बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली; बिने-कामत चाचणी आपल्या दवाखान्यांत अजून वापरली जाते. १९६२ मध्ये पुण्यात आप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली. चाचणी घेऊन निवडलेली बुद्धिमान मुलं एकत्र शिकतील अशी शाळा. तिच्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. मी मात्र पाचवीतल्या त्या मुलीच्या जागी बसून विचार करते. जिथे सगळ्यांनाच येतं तिथे कुणाला लपवावं लागलं नसतं.

अमेरिकेत लीटा हॉलिंगवर्थ हेच पाहत होत्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं अतिशय बुद्धिमान मुलांचा पाठपुरावा केला. त्यांचं शेवटचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ मध्ये आलं. त्यांचं निरीक्षण असं की साधारण १२५ ते १५५ बुद्ध्यंकाची मुलं सोबत्यांत चांगली मिसळतात, त्याच्या बरंच वर गेलं की मूल एकटं पडतं. मी ते आकडे वाचले आणि मला हसू आलं नाही, रडू आलं. मी हिशेब करून जी जागा शोधत होते तीच ही.

पण नुसती हुशार मुलगी आणि माझ्यासारखी मुलगी यांत फरक आहे, आणि त्या फरकाला नाव मिळण्याचा इतिहास वेगळ्याच गावांतून जातो. मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांबद्दल लिहिलं. एकटी राहणारी, हालचालींत अवघडलेली, ठरावीक विषयांत बुडून जाणारी, काही जण संगीतात विलक्षण. दोन वर्षांनी त्यांनी मुलींबद्दलही लिहिलं. जगाने ते वाचलं नाही. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनरने अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ‘ऑटिझम’ शब्द रूढ झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अॅस्पर्गरने चार मुलग्यांचं वर्णन केलं. लहान वयात प्रोफेसरासारखं बोलणारी ही मुलं पुढे समाजाच्या उपयोगी पडतील, असं तो आवर्जून सांगतो. १९८१ मध्ये लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचं नाव या वर्णनाला दिलं. मी डोंबिवलीत हातचा विसरायला शिकत होते ते हेच वर्ष.

अॅस्पर्गर मुलांचा कैवारी म्हणून कितीतरी वर्षं ओळखला गेला. २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नाची जुनी कागदपत्रं उघडून दाखवली. नाझी राजवटीत ‘आम श्पीगलग्रुंड’ नावाच्या संस्थेत सुमारे ८०० मुलांचा जीव गेला, आणि अॅस्पर्गरने तिथे मुलं पाठवली होती. त्यात दोन लहान मुली होत्या. त्यांना गणित येत नव्हतं. हे वाचल्यापासून ‘ऑटिस्टिक असली तरी किती हुशार आहे’ हे कौतुकाचं वाक्य मला ऐकवत नाही. हुशारी हा जगण्याचा परवाना ठरला की ज्याच्याकडे ती नाही त्याचं काय होतं, ते त्या कागदांत लिहिलेलं आहे.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये ऑटिझमला आणि लिहिण्या-वाचण्यातल्या अध्ययन-अक्षमतेला स्वतंत्र जागा मिळाली. मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात. ज्यांनी हा शब्द काढला त्यांचा हेतू चांगला होता, पण तो मला माझा वाटत नाही. मी स्वतःत मग्न कधी होते? मी दिवसभर इतर मुली मोजत होते. कोण कशाला हसली, किती वेळ हसली, आपण कधी हसायचं.

मला नाव मिळालं २०१९ मध्ये. भाच्याच्या तपासणीसाठी बहिणीबरोबर मुंबईला गेले होते. त्या मानसतज्ज्ञ बाई त्याच्याबद्दल विचारत होत्या आणि प्रत्येक प्रश्नाला माझ्या तोंडून ‘हे तर माझंही’ निघत होतं. दोन महिन्यांनी त्यांनी मला एकटीला बोलावलं. त्या दुपारी झालेलं बोलणं मला शब्दशः आठवतं.

‘‘शाळेत कितवा नंबर यायचा?’’

‘‘नववा.’’

‘‘कोणत्या इयत्तेत?’’

‘‘पाचवी ते दहावी.’’

‘‘दर वर्षी?’’

‘‘दर परीक्षेला.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कागद तिरपा धरून पाहिला होता.

लपवण्याचा तोटा काय झाला ते मोजता येतं. दहावीलाही मी तसंच केलं, कारण तोवर बरोबर लिहायला भीती वाटू लागली होती. बी.एस्सी. केलं, त्याच्या पुढचं गणित करायचं धाडस केलं नाही. मैत्रिणी मिळाल्या, पण त्या नवव्या नंबराच्या मुलीच्या मैत्रिणी होत्या. कुणी जवळ आलं की मला वाटायचं, हिला खरं कळलं तर ही जाईल. संध्याकाळी घरी आल्यावर मी अंधाऱ्या खोलीत कपाटाला पाठ लावून तासभर बसायचे. आई म्हणायची, शाळेत पळापळ फार करते, दमते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. पाचवीतच कधीतरी, चौकटीच्या वहीच्या मागच्या पानावर, मी अकरा गुणिले अकरा केलं: १२१. मग १११ गुणिले १११: १२३२१. मग ११११: १२३४३२१. आकडे जिना चढून वर जात होते आणि उतरून परत येत होते. माझ्या हातून काहीतरी जिवंत सुटल्यासारखं झालं. शेजारची मुलगी वाकून बघू लागली, तशी मी ते पान फाडलं, त्याची बारीक घडी केली आणि स्टेशनच्या पुलावरून खाली टाकली.

बी.एड. करताना ग्रंथालयात एका पुस्तकात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची ओळख झाली. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनाचं पद नाही. आकड्यांशी खेळणं हेच आयुष्य, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. गणिताच्या परिषदांना जायचे, स्वतः पुस्तिका काढायचे. इथल्या पुष्कळ गणितज्ञांना ते सगळं किरकोळ वाटायचं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकी मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. त्यांच्या मेंदूला कोणतं नाव द्यावं याच्याशी मला कर्तव्य नाही. गेलेल्या माणसाची तपासणी करू नये. त्या पुस्तकात पुढे असं होतं की १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्यांच्या घराण्याला कापरेकरांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनात त्यांना ती कल्पना सुचली.

डेम्लो म्हणजे डोंबिवली. माझी घडी मी त्याच स्टेशनात टाकली होती.

२०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपुस्तकातून नंबर गेला, श्रेणी आली. ‘नंबर कितवा’ हे पालक अजून विचारतात. आम्हीही खाजगी वहीत क्रम लावतो, मीही लावायचे. २०१९ नंतर ती वही मी बंद केली. शाबासकी द्यायची तर पेपरवर लिहून देते, वाचून दाखवत नाही. सगळ्या शिक्षकांना हे पटत नाही. हुशार मुलांचं कौतुक झालं नाही तर ती मागे पडतील असं त्यांचं म्हणणं, आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत ते खरंही असेल.

गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीचा पेपर तपासत होते. सगळ्या चुका हातच्याच्या. इतक्या नीटनेटक्या चुका मी ओळखते. कागद तिरपा धरला, नखाची खूण नव्हती. तिची तऱ्हा वेगळी होती. खोडलेल्या जागी खोडरबराखालून शिसाची पुसट रेघ दिसत होती, आणि ती बरोबर उत्तराची होती. मी तिला काही विचारलं नाही. मार्क लिहिलं त्याचे दिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला एक खेळ सांगितला. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. फळ्यावर मी १९८१ घेतला. ९८११ वजा ११८९, आले ८६२२. मग ६३५४. मग ३०८७. मग ८३५२. मग ६१७४. पुढे कितीही करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. देवळालीच्या मास्तरांचा हा आकडा, १९४९ च्या मद्रासच्या परिषदेत त्यांनी मांडलेला. कुणी आपलं जन्मसाल घेतलं, कुणी गाडीचा नंबर. सगळ्यांनाच ६१७४ मिळालं आणि वर्गात एकच गलका झाला. मी कान झाकले नाहीत, पण टेबल घट्ट धरून ठेवलं होतं.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. भिंतीकडे बघत बोलली.

‘‘बाई, १००४ ला सात वेळा वजाबाकी लागते. आठ कुणालाच लागत नाही का?’’

‘‘तू किती आकडे केलेस?’’

‘‘दोनशे बारा,’’ ती म्हणाली. ‘‘पण अजून चालू आहे.’’